खेळ कोणाचा, अवजार कोणाचे?

विद्यार्थ्यांत काम करणारे आमचे सहकारी एक तक्रार वारंवार करतात. तरुण मुले अभ्यासवर्गाला येत नाहीत, रात्र रात्र व्हिडिओ गेम खेळत बसतात, ही ती तक्रार. तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या तरुणांत एक असाही आहे, जो केवळ खेळत नाही, खेळ घडवतो. पदार्थविज्ञानाचा हा विद्यार्थी दिवसा प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजतो, जर्नल पुरे करतो, संध्याकाळी शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे उभे करतो आणि रात्री जुन्या संगणकापुढे बसून आपला छोटासा खेळ रचतो. त्याच्याकडे समाजवादी चळवळीने कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, याचा विचार आता केला पाहिजे.

प्रथम त्याचे काम समजून घेऊ. ग्रहाभोवती फिरणारे यान पडद्यावर आणावयाचे, तर न्यूटनचे नियम संगणकाला सांगावे लागतात. काळाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात यानाचा वेग आणि स्थान नव्याने काढावे लागते. जुन्या वेगावरून नवे स्थान काढीत गेले, तर यान कक्षेत न राहता हळूहळू बाहेर भरकटते. कारण प्रत्येक पावलागणिक नसलेली ऊर्जा हिशेबात शिरते. आधी वेग बदलून मग त्या नव्या वेगाने स्थान काढले, की कक्षा टिकते. परीक्षेत चार गुणांसाठी पाठ केलेला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम येथे तो डोळ्यांनी पाहतो. मग स्वतःचाच खेळ शंभरदा खेळून तो चूक शोधतो. याला जो वेळेचा अपव्यय म्हणेल, त्याने शिक्षण म्हणजे काय याचा फेरविचार करावा.

या खेळांचा जन्मही पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत झाला आहे. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. ज्या संगणकावर तो चालला, त्याच्या माहितीपुस्तिकेत क्षेपणास्त्राचा मार्ग आणि उसळता चेंडू अशा दोहोंची गणिते होती. हिगिनबॉथम यांनी चेंडू निवडला. लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या कामात सहभागी झालेला हा माणूस युद्धानंतर अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध झटणाऱ्या वैज्ञानिकांच्या संघटनेचा एक संस्थापक होता, हे आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे. या खेळाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. पुढे १९६२ मध्ये एमआयटी येथे स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. एकाने त्यात मध्यवर्ती ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण घातले, दुसऱ्याने आकाशातील खरे तारे मांडले. तो विकला गेला नाही. ज्याला हवा त्याने नेला आणि सुधारला. नाणे टाकून चालणारी यंत्रे १९७१ पासून आली, आणि सामुदायिक निर्मितीचे रूपांतर खाजगी मालात झाले.

आजच्या विद्यार्थ्यापुढे तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. खेळ रचण्यासाठी लागणाऱ्या तयार यंत्रणेस गेम इंजिन म्हणतात. हे त्याचे अवजार होय. ‘युनिटी’ नावाचे असे एक इंजिन जगभरचे छोटे निर्माते वापरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने जाहीर केले, की ठराविक मर्यादेपलीकडे खेळ जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल, तितक्या वेळा निर्मात्याने शुल्क द्यावे. आणि हे आधी तयार झालेल्या खेळांनाही लागू! कुळाने पेरलेल्या शेतात पीक उभे राहिल्यावर जमीनदाराने खंड वाढवावा, तसा हा प्रकार. निर्माते एकवटून ओरडले, तेव्हा कंपनीस प्रथम अटी सैल कराव्या लागल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्कच रद्द करावे लागले. याच्या उलट अर्जेंटिनात सुरू झालेले ‘गोडो’ हे इंजिन २०१४ पासून सर्वांस खुले आहे. ते कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, खंड नाही. उत्पादनसाधनांची सामाजिक मालकी अव्यवहार्य आहे, असे सांगणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

अवजारानंतर प्रश्न येतो श्रमाचा. हा विद्यार्थी उद्या या धंद्यात नोकरीस लागेल, तेव्हा त्याला सांगितले जाईल, की हे काम नव्हे, छंद आहे. म्हणून रात्रीचे जादा तास हसत सोसावे. छंदाच्या नावाखाली होणारी पिळवणूक ही पिळवणूकच असते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलरचा सौदा करून एक बलाढ्य खेळकंपनी विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळ विभागातील १,९०० जणांना घरी पाठविले. पण त्याच मायक्रोसॉफ्टच्या ताब्यातील झेनिमॅक्सच्या सुमारे ३०० खेळ-तपासनीसांनी जानेवारी २०२३ मध्ये आपली युनियन मान्य करून घेतली होती, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिका व कॅनडातील खेळकामगारांची व्यापक संघटना उभी राहिली. संगणकापुढे बसणारा माणूस संघटित होत नाही, हा समज खोटा ठरत आहे.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्याची तरफदारी आम्ही करणार नाही. परंतु जुगार आणि खेळ यांची एकच मोट बांधून या विद्यार्थ्याला गुन्हेगाराच्या नजरेने पाहणे अन्यायाचे होईल. महाविद्यालयांतील संगणककक्ष संध्याकाळनंतर कुलूपबंद का असावेत? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ या मंत्राचा वारसा सांगणाऱ्या संस्थांनी भौतिकीच्या प्रयोगांचे खेळ मराठीतून करून घेण्याचे काम या मुलांना मोबदला देऊन का सोपवू नये? सार्वजनिक पैशाने असे खेळ तयार झाले, तर ते सर्वांस खुले असावेत, हा आग्रह आपण धरला पाहिजे.

१९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी खेळाला शिक्षणाचा भाग मानले. त्या परंपरेतील कार्यकर्त्याने खेळणाऱ्या तरुणाकडे तुच्छतेने पाहू नये. अभ्यासवर्गाला तो येत नसेल, तर एका संध्याकाळी आपण त्याच्या खोलीवर जावे, त्याचा खेळ खेळून पाहावा आणि मग विचारावे: हे अवजार कोणाचे, आणि तुझ्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडणार? त्या प्रश्नापासून अभ्यासवर्ग सुरू होऊ शकेल.