सीसी बघून गट पाडणं आता पुरे

आपल्याकडच्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये नाव नोंदवायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी किती सीसीची?" त्यावर गट ठरतो, दारावर नंबर चिकटतो, विषय संपला. मारुती ८०० आणि एस्टीमच्या जमान्यात हे चालून गेलं. आता चालत नाही, आणि आयोजकांनाही ते कळतं.

साधं उदाहरण घ्या. टाटाची नेहमीची पेट्रोल अल्ट्रोझ ११९९ सीसीची, ताकद ८८ पीएस. २०२४ मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसर, तीही ११९९ सीसीचीच, पण टर्बो. ताकद १२० पीएस! कागदावर दोघी जुळ्या बहिणी. मैदानात कोनांच्या वळणातून बाहेर पडताना मात्र फरक उघडा पडतो. जिथं निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो, तिथं साध्या गाडीवाल्या पोरानं कितीही जीव काढला तरी काय उपयोग?

हा खेळ कंपन्यांच्या टीमचा नाही. ज्या गाडीतून सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, तीच रविवारी पळवायची. गाडीचे हप्ते अजून चालू असतात. असा माणूस दोनदा हरेल, तिसऱ्यांदा येणारच नाही. मग गटात तीनच गाड्या उरतात, आणि "प्रतिसाद नाही" म्हणून गटच रद्द होतो. प्रतिसाद कुठून येणार?

अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ पासून आहे. तिच्या 'सोलो' स्पर्धा म्हणजे हाच खेळ. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. पण फारशा न बदललेल्या गाड्यांचे गट तिथं नुसत्या सीसीवर पाडत नाहीत. गाडीचं नाव, मॉडेल, वर्ष लिहून यादीच काढतात. सुपर स्ट्रीटपासून खाली एच स्ट्रीटपर्यंत उतरंड आहे. नवी गाडी बाजारात आली की स्वयंसेवकांची समिती तिचं वजन, ताकद, टायरची रुंदी, कुठली चाकं ओढतात हे सगळं बघते. सभासद पत्रं लिहून भांडतात. अंदाज चुकला तर गाडी दुसऱ्या गटात हलवतात. वेगवेगळ्या गटांची तुलना करायला प्रत्येक गटाचा गुणांकही असतो, वेळेला त्यानं गुणायचं. यावर तिकडेही वाद होतात, कोणाची ना कोणाची गाडी कायम "चुकीच्या" गटात असतेच. पण वाद निदान गाडीच्या खऱ्या वेगावर होतो.

कोणी म्हणेल, टर्बोसाठी १.७ चा गुणक आहे की! आहे, आंतरराष्ट्रीय रॅलीच्या नियमांत पेट्रोल टर्बोची सीसी १.७ नं गुणतात. त्या हिशेबानं रेसर २०३८ सीसीची होते. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण मारुती फ्रॉन्क्सची ९९८ सीसी टर्बो, १०० पीएसची, त्याच गुणकानं जवळजवळ १७०० सीसीवर जाते. सोळाशेच्या वर एकच खुला गट असेल तर तिची गाठ पडणार १५० पीएसच्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीशी. एकाचा अन्याय काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

आणि इलेक्ट्रिक गाडीचं काय करणार? महिंद्राची बीई ६ मोठ्या बॅटरीसह २८६ पीएसची, सीसी शून्य! तिला काय आठशेच्या आत बसवायची?

नवी जोरदार गाडी घेणाऱ्यावर माझा राग नाही. घामाचे पैसे घातलेत त्यानं, पळवावीच. फक्त तोडीस तोड गाड्यांत पळवावी.

हे करायला दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही. आपल्या भागात धावणाऱ्या वीस-पंचवीस मॉडेलांची यादी करायला तीन जाणकार मेकॅनिक आणि एक रविवार पुरे. मागच्या स्पर्धांच्या वेळा आयोजकांच्या वहीत आहेतच. पुढच्या स्पर्धेचं पत्रक छापायच्या आधी ती वही उघडा, यादी लावा, आणि हरकती घ्यायला पंधरा दिवस द्या. भांडणं होतील. ती स्पर्धेच्या दिवशी बक्षिसाच्या टेबलापाशी होण्यापेक्षा आधी झालेली काय वाईट?