बंदुका जमा करा

आमच्या गावच्या पाटलाची बंदूक म्हणे रानडुकरांसाठी. च्यायला, मग ती खांद्यावर टाकून आमच्या वस्तीतनं कशाला मिरवता?

कशाला, ते बिहारात बघा. सोन नदीकाठचं लक्ष्मणपूर बाथे. १ डिसेंबर १९९७ ची रात्र. रणवीर सेनेनं ५८ दलित मारले. बायका, लेकरं. खालच्या कोर्टानं २६ जणांना शिक्षा ठोठावली, २०१३ साली पाटणा हायकोर्टानं सगळे सोडले. गोळ्या काय आभाळातनं पडल्या?

आणि कायदा होता, दोस्तांनो! अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम काढा, तिसरा वाचा. जिथं अत्याचाराचा धोका तिथं दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करा, हत्यारं सरकारात जमा करा, बेकायदा बंदुका जप्त करा. बाथेच्या दोन वर्षं आधीचं हे! गरज पडली तर आम्हालाही परवाना द्या, असंही त्यातच आहे. काही दोस्तांना तेवढंच कलम आवडतं. मला नाही. रोजंदारीवरचा माणूस काडतुसं कुठनं आणणार? त्यांच्या दहा, आमची एक, आणि पोलिसांची पहिली धाड आमच्याच झोपडीवर.

२०१९ साली सरकारनं माणशी तीनाच्या दोन बंदुका केल्या. केवढे उपकार! कलेक्टरसाहेब, परवान्यांचं रजिस्टर चावडीवर आणा. आडनावं मोठ्यानं वाचा.