प्रिंट दिली, आपण विसरलो... पण कॉम्प्युटर विसरत नाही!



मागे एकदा आजी कोल्हापूरहून माझ्याकडे बेंगळुरूला आली होती, डोळ्यांच्या तपासणीसाठी. हॉस्पिटलमध्ये आधारची प्रत लागणार होती. म्हणून मी बीटीएम लेआउटमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. मेल उघडला, आजीचं ई-आधार डाउनलोड केलं, पासवर्ड टाकला आणि प्रिंट दिली.

काहीच झालं नाही. पुन्हा दिली. तरी काही नाही. मग रागाने तिसऱ्यांदा! तेवढ्यात करंट गेला. दुकानदार अण्णा हसून म्हणाले, "नाळे बन्नी." म्हणजे उद्या या. करंट आल्यावर मी आठवणीने फाइल डिलीट केली, मेलमधून लॉगआउट केलं आणि 'किती हुशार मी' असं म्हणत घरी आले. प्रिंट दुसरीकडून काढली.

दोन दिवसांनी त्याच दुकानात दुसऱ्या कामासाठी गेले. अण्णांनी एका पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून दिला. कागद उलटला, तर मागे आजीचा फोटो! नाव, पत्ता, बारा आकडी नंबर, सगळं स्पष्ट. उरलेले दोन कागद टेबलाखालच्या रद्दीत सापडले. अण्णांची काहीच चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रिंटर सुरू केल्यावर ते कागद आपोआप बाहेर आले होते.

फाइल डिलीट केली होती, करंटही गेला होता. मग प्रिंट आली कुठून?

गिरणीतला डबा

पिठाच्या गिरणीत आपण डबा रांगेत ठेवतो आणि घरी येतो. दळण दळलं जातं, आपण तिथे नसलो तरी. प्रिंटचं अगदी तसंच आहे. प्रिंटर हळू चालतो, कॉम्प्युटर भराभर. म्हणून आपण प्रिंट दिली की कॉम्प्युटर त्या कागदाची स्वतःची एक प्रत तयार करून रांगेत ठेवतो आणि आपल्याला मोकळं करतो. ही रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला 'स्पूलर' म्हणतात. तो पडद्यामागे गुपचूप काम करत असतो.

ही रांग हार्डडिस्कवर असते. त्यामुळे करंट गेला तरी ती पुसली जात नाही. मूळ फाइल डिलीट केली तरी रांगेतली प्रत तशीच राहते. आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो फाइल उघडण्यापुरता. एकदा उघडून प्रिंट दिली की रांगेत गेलेल्या प्रतीला तो पासवर्ड मागितला जात नाही.

म्हणजे माझे तीन डबे रांगेत होते आणि मी एकही परत घेतला नव्हता.

घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर काय करायचं?

आधी सोपा उपाय. प्रिंटरची रांग उघडा, अडकलेल्या कामावर राइट क्लिक करा आणि 'कॅन्सल' निवडा. पण कधीकधी तिथे नुसतं 'डिलीटिंग' असं दिसत राहतं आणि काम हलत नाही. अशा वेळी कमांड वापरायची. घाबरू नका, मी बी.ए. इंग्लिश केलंय, मला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल!

१. स्टार्टमध्ये सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल. त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा.

२. इंग्रजीत 'नेट स्टॉप स्पूलर' टाइप करून एंटर दाबा. प्रत्येक शब्दानंतर एक स्पेस. स्पूलरचं स्पेलिंग एस, पी, दोन वेळा ओ, एल, ई, आर. आता गिरणी बंद झाली.

३. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा. आतल्या फाइल डिलीट करा. फोल्डर मात्र तसंच ठेवा.

४. परत काळ्या खिडकीत या आणि 'नेट स्टार्ट स्पूलर' टाइप करा. गिरणी पुन्हा सुरू!

लक्षात ठेवा, याने त्या कॉम्प्युटरवरची सगळ्यांचीच कामं पुसली जातात. म्हणून हे आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरच करा. ऑफिसात किंवा दुकानात तिथल्या माणसाला सांगा.

मॅक किंवा लिनक्स असेल तर?

दोन्हीकडे 'कप्स' नावाची एकच प्रिंट व्यवस्था चालते. ती १९९९ मध्ये आली आणि २००७ मध्ये ॲपलने विकत घेतली. टर्मिनल उघडून एल-पी-एस-टी-ए-टी, मग स्पेस, डॅश आणि लहान ओ टाइप केलं की रांगेतली कामं दिसतात. प्रत्येक कामाला नंबर असतो. समजा नंबर २७ आहे, तर इंग्रजीत 'कॅन्सल', स्पेस आणि २७ टाइप केलं की ते काम रद्द. मध्ये डॅश आणि एक्स टाकला, तर कामाबरोबर त्याची साठवलेली फाइलही पुसली जाते.

हा डॅश-एक्स महत्त्वाचा आहे. कप्सच्या मूळ सेटिंगमध्ये प्रिंट झाल्यावरही कागदाची प्रत साधारण एक दिवस कॉम्प्युटरवर राहते.

दुकानात प्रिंट काढताना

२७ मे २०२२ रोजी आधारच्या बेंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं त्यात होतं. लोक घाबरले आणि दोनच दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं. नेहमीची सावधगिरी बाळगा, एवढंच सांगितलं. पण नेहमीची सावधगिरी म्हणजे नेमकं काय? माझ्यापुरती मी ती अशी ठरवली आहे:

• जिथे चालत असेल तिथे 'मास्क्ड आधार' द्यायचं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

• प्रिंट आली नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबायचं नाही. आधी प्रिंटर चालू आहे का, कागद आहे का, ते बघायचं.

• निघण्याआधी "अण्णा, रांग एकदा दाखवा" म्हणायचं. आपलं काम अडकलं असेल तर समोरच रद्द करून घ्यायचं.

• डाउनलोड फोल्डर आणि रीसायकल बिन, दोन्ही रिकामे करायचे.

• खराब आलेला कागदही घरी आणायचा आणि फाडायचा.

ते तिन्ही कागद मी घरी आणले. आजीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे त्यांचे बारीक तुकडे केले आणि म्हणाली, "अगं, गिरणीतून निघताना आपण डबे मोजून घेतो की नाही?"

बस, एवढंच लक्षात ठेवा. आज घरचा प्रिंटर सुरू कराल तेव्हा रांगेत एकदा डोकावून बघा. कुणाचा डबा अजून तिथेच आहे, ते कमेंटमध्ये नक्की कळवा!