दुरुस्तीनंतरची घराची झडती

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या पुण्याच्या घराची दुरुस्ती पुरी झाली. वरच्या मजल्यावर नवें न्हाणीघर झालें होतें, स्वयंपाकघरांत नवी फरशी बसली होती, आणि घरभर विजेच्या नव्या तारा ओढल्या होत्या. शेवटच्या दिवशीं कंत्राटदार हिशोबाचा कागद घेऊन आले. घर आरशासारखें लखलखत होतें, आणि मामंजींनीं बाकी रकमेचा धनादेश लिहावयास घेतला. इतक्यांत आत्याबाई न्हाणीघरांतून बाहेर येऊन म्हणाल्या, "सूनबाई, त्या नळाला हात लावला कीं बोटांना मुंग्या येतात हो."

आत्याबाईंचें वय ब्याऐंशी. मंडळी हंसली. खोटें कशाला सांगूं, मीही हंसलें. भावोजी तेवढे हंसले नाहींत. त्यांनीं मामंजींना थांबविलें, मुख्य बटण बंद केलें आणि दुसऱ्या एका तारतंत्र्यास बोलावणें धाडलें. गीझरच्या बटणाची पट्टी उघडतांच दिसलें तें असें: जमिनीशीं जोडावयाची हिरवी तार भिंतींत होती, पण तिचें टोंक कोठेंच जोडलेलें नव्हतें, नुसतें मुडपून आंत कोंबलें होतें.

गळती होतांच वीज तोडणारें उपकरण घरांत नव्हतें असें नाहीं. त्याचें चांचणीचें बटण दाबून कंत्राटदारांनीं आम्हां सर्वांसमक्ष दिवे घालवूनही दाखविले होते. परंतु त्या बटणानें उपकरण चालतें एवढेंच कळतें. जमिनीची तार जोडली आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. शिवाय घरगुती उपकरण बहुधा ३० मिलीअँपिअर गळतीसाठीं बेतलेलें असतें, आणि बोटांना मुंग्या येण्यास त्याहून पुष्कळच कमी प्रवाह पुरतो. म्हणून तारा बदलल्यावर प्रत्येक जोडणीपाशीं जमिनीची तार पोंचली आहे हें माहितगाराकडून उपकरणानें मोजून घ्यावें, आणि तो माहितगार काम करणाऱ्यांपैकीं नसावा.

एकदां संशय आल्यावर भावोजींनीं सर्वच घराची झडती घेतली. न्हाणीघराच्या जाळींत कापडाचा घट्ट बोळा बसवून दोन बोटें पाणी साठविलें, पाण्याच्या कांठावर पेन्सिलीनें रेघ ओढली, आणि २४ तास कोणास आंत जाऊं दिलें नाहीं. (एवढ्या मोठ्या कुटुंबांत हें किती सोपें असतें तें वाचकांस ठाऊक आहेच!) दुसऱ्या दिवशीं सकाळीं माजघराच्या तक्तपोशीच्या कोपऱ्यांत रुपयाएवढा ओला डाग उमटला. खरें म्हणजे ही परीक्षा फरशी बसविण्यापूर्वीं, जलरोधक थर दिल्यावरच घ्यावयाची. तेव्हां दोष निघाला तर नवी फरशी फोडावी लागत नाहीं. आम्हांला ती फोडावी लागली.

फरशीची परीक्षा आमच्या जाऊबाईंनीं लाटण्याच्या मुठीनें केली. प्रत्येक फरशीवर हलकेंच ठोकावें. खालीं माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर मडक्यासारखा पोकळ. एखाद्या कडेला किंचित् पोकळी असली तर चालवून घ्यावें, पण मधोमध पोकळ असलेली फरशी जड भांडें पडतांच तडकते. मग मोरींत तांब्याभर पाणी ओतून ढाळ पाहावा. गवंड्यांना उरलेलें सिमेंटचें पाणी मोरींतच ओतण्याची खोड असते. तें आंत घट्ट होऊन नळी अरुंद करतें. यास्तव दोनचार बादल्या एकदम ओतून पाहिल्याखेरीज मोरी वाहते असें मानूं नये.

गिलाव्यावरील जाळीसारख्या केसाएवढ्या रेघा बहुधा तो घाईनें वाळल्याच्या खुणा असतात. त्यांनीं घाबरूं नये. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी गेलेली भेग मात्र निराळी. तिच्या दोन्ही टोंकांशीं पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी, आणि भेग खुणेच्या पुढें सरकली तर गवंड्यास न विचारतां स्थापत्य अभियंत्यास दाखवावी. जेथें एखादी भिंत काढली असेल तेथें तर खुणेचीही वाट पाहूं नये. दारें-खिडक्यांविषयीं काय लिहूं? सुताराचें काम पावसाळ्याशिवाय कळतच नाहीं.

कंत्राटदारांशीं मामंजींचें बोलणें अगदीं सौजन्यानें झालें. उरलेलें काम कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या, आणि शेवटचा हप्ता पाऊस संपल्यावर द्यावयाचा ठरला. तो आश्विनांत दिला गेला. तोंवर माजघरावरचा तो कोपरा दोनदां उकरावा लागला होता. आत्याबाई अजून नळ सोडण्यापूर्वीं त्याला एक बोट लावून पाहतात.