मैदानावरून : करीमला द्यायचं की ठेवायचं?

क्रिकेटच्या कार्डांची अदलाबदल केली आहे ना कधी? आपल्याकडचं सगळ्यात भारी कार्ड समोरचा मागतो आणि बदल्यात चार साधी कार्डं पुढे करतो. आपण कार्ड घट्ट धरून विचारात पडतो. द्यावं की नाही? आज अशाच एका अदलाबदलीची गोष्ट. फरक एवढाच, की हे 'कार्ड' ७ फूट २ इंच उंच होतं आणि त्याला स्वतःचं मत होतं!

अमेरिकेत एनबीए ही व्यावसायिक बास्केटबॉलची मोठी स्पर्धा चालते. तिथले संघ आपापसात खेळाडू बदलतात, त्याला म्हणतात 'ट्रेड'. आयपीएलमुळे हा शब्द आता आपल्याकडेही रुळलाय. २०२३मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तो ट्रेडनंच.

आपली गोष्ट आहे मिलवॉकी बक्स या संघाची. १९६८मध्ये हा संघ नवाकोरा होता. पहिल्या हंगामात ८२पैकी फक्त २७ सामने जिंकला. मग नशीब फळफळलं. कॉलेजमधून येणारा सर्वोत्तम खेळाडू कोणाला मिळणार, हे ठरवायला मिलवॉकी आणि फिनिक्स यांच्यात नाणेफेक झाली. फिनिक्सनं 'छापा' म्हटलं, पडला काटा! मिलवॉकीला मिळाला करीम अब्दुल-जब्बार. (तेव्हा त्याचं नाव ल्यू अल्सिंडर होतं.)

करीम सेंटर होता. सेंटर म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, बहुधा संघातला सगळ्यात उंच गडी. एका खांद्यावर वळून, हात डोक्यावर उंच नेऊन तो चेंडू अलगद सोडायचा. या फटक्याचं नाव 'स्कायहुक'. तो अडवायचा म्हणजे शिडीच हवी! १९७१मध्ये मिलवॉकी विजेता ठरला. पुढच्या हंगामात करीमची सरासरी होती सामन्याला ३४.८ गुण. १९७४पर्यंत तो तीनदा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि ऑक्टोबर १९७४मध्ये त्यानं संघाला सांगितलं, "मला इथून जायचंय."

भांडण नव्हतं. करीम वाढला न्यूयॉर्कमध्ये, कॉलेज केलं लॉस एंजेलिसला. त्यानं इस्लाम धर्म स्वीकारला होता. त्याला हवी तशी माणसं, हवं तसं जगणं मिलवॉकीसारख्या लहान शहरात त्याला मिळत नव्हतं. आता सांगा, त्याचं काही चुकलं का? खेळाडू म्हणजे गोटी नव्हे, की ज्याच्या खिशात असेल त्याची!

निर्णय घ्यायचा होता वेन एम्ब्री यांना. हे संघाचे जनरल मॅनेजर. स्वतः जुने सेंटर, मिलवॉकीच्या पहिल्याच हंगामात खेळलेले. १९७२मध्ये एनबीएतले पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर होण्याचा मान त्यांनी मिळवला होता. चला, आपण जरा त्यांच्या खुर्चीत बसू आणि तराजू हातात घेऊ.

एका पारड्यात करीम. वय २८, सामन्याला ३० गुण. असा खेळाडू कोण सोडेल? पण थांबा. आपल्या हातात नक्की काय आहे? 'करीम' नव्हे, तर 'करार संपेपर्यंतचा करीम'. पुढे तो राहायला तयार नाही. आत्ता ट्रेड केला नाही, तर उद्या मनासारखा मोबदला मिळेलच याची खात्री नाही. शिवाय त्याची पसंती मोजक्याच मोठ्या शहरांना. म्हणजे गिऱ्हाइकं थोडी, आणि विकणाऱ्याची अडचण त्यांना ठाऊक. संध्याकाळी बाजार उठताना भाजीचा भाव कसा उतरतो, ते आईला विचारा!

१६ जून १९७५ला सौदा झाला. करीम आणि त्याच्याबरोबर वॉल्ट वेस्ली लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेले. मिलवॉकीला मिळाले चौघे : उंच सेंटर एल्मोर स्मिथ, दुरून अचूक नेम धरणारा ब्रायन विंटर्स, आणि कॉलेजमधून नुकतेच आलेले डेव्ह मेयर्स व ज्युनियर ब्रिजमन.

आता गंमत बघा. करीम असताना १९७४-७५मध्ये मिलवॉकीनं ३८ सामने जिंकले, ४४ हरले. करीम गेल्यावर १९७५-७६मध्ये? ३८ जिंकले, ४४ हरले! म्हणजे करीम असला काय न् नसला काय, सारखंच? अंहं, इथे फसू नका. हाताचं हाड मोडल्यामुळे आदल्या हंगामात करीम ८२पैकी ६५च सामने खेळला होता. आकडे सारखे दिसले, तरी त्यांच्या पोटात काय दडलंय ते बघावं लागतं.

तिकडे लेकर्सचे विजय ३०वरून ४०वर गेले. करीम पुन्हा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण संघ बाद फेरीतसुद्धा पोचला नाही! एकटा करीम तरी किती करणार? १९७९मध्ये मॅजिक जॉन्सन जोडीला आला, तेव्हा चित्र पालटलं. १९८० ते १९८८ या काळात लेकर्सनी पाच विजेतेपदं मिळवली. करीम १९८९पर्यंत, म्हणजे वयाच्या ४२व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या ३८,३८७ गुणांचा विक्रम थेट २०२३मध्ये लेब्रॉन जेम्सनं मोडला.

आणि मिलवॉकी? स्मिथ दीड वर्षात दुसऱ्या संघात गेला. मेयर्स १९८०मध्ये निवृत्त झाला. पण विंटर्स दोनदा ऑल-स्टार सामन्यात खेळला आणि ब्रिजमननं मिलवॉकीसाठी दहा हंगाम गाजवले. १९८० ते १९८६ अशी सलग सात वर्षं संघ आपल्या गटात पहिला आला. विजेतेपद मात्र पुन्हा मिळालं ते २०२१मध्ये, पन्नास वर्षांनी.

मग एम्ब्री हरले का? ट्रॉफ्याच मोजल्या तर हो. पण त्या दिवशी करीमला कायमचा ठेवणं त्यांच्या हातात नव्हतंच. जे हातात होतं, त्याचं त्यांनी चांगलं मोल केलं, असं मला वाटतं. मिलवॉकीनं पुढे ३३, ३२ आणि २ हे क्रमांक दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत असं ठरवलं. पहिला करीमचा, दुसरा विंटर्सचा, तिसरा ब्रिजमनचा.

तुम्हाला पटतं? मग या रविवारी एक कागद घ्या, दोन रकाने पाडा : 'ठेवला तर' आणि 'दिला तर'. १६ जून १९७५ला जे माहीत होतं, तेवढंच लिहायचं. मॅजिक जॉन्सन नाही, पाच विजेतेपदं नाहीत! लिहून झालं की आई-बाबांना दाखवा आणि त्यांनी काय ठरवलं असतं, तेही विचारा.