नव्या सिस्टरला आंबवणी कोण देणार?

मिरचीचं रोप लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण आंबवणी देतो. ती चुकली तर रोप मान टाकतं, आणि दोष कोणी रोपाला देत नाही. मग तीन वर्षे शिकून ग्रामीण रुग्णालयात आलेली परिचारिका सहा महिन्यांत निघून गेली, की "हल्लीच्या पोरींना खेड्यात करमत नाही" असं आपण कसं म्हणतो?

आमच्या भागात अशी एक मुलगी आली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिला एकटीला रात्रपाळी. ३० खाटा, त्यात एक बाळंतपण, एक सर्पदंश, आणि विचारायला मोठी सिस्टर नाही. क्वार्टर गळकं, दाराला धड कडी नाही. ती गेली. जागा अजून रिकामीच आहे, आणि वावरात पान लागलं तर आपण धावणार तिथंच.

पगार शासन ठरवतं, मान्य. पण पाळीचा तक्ता लावताना पहिले तीन-चार महिने रात्री जाणती सिस्टर सोबत द्या, एवढं तर मागता येतं? सरपंच, सदस्यहो, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून रुग्ण कल्याण समित्या आल्या. बैठकीत रंगरंगोटीचाच विषय निघतो (चहाही होतो). या खेपेला क्वार्टरचं छप्पर आणि ती कडी, हे दोन विषय लिहून द्या. नवी सिस्टर येईल त्या दिवशी स्टँडवर कोणीतरी घ्यायलाही जा.