नियम कुणासाठी? सूत, कर आणि पेमेंटच्या फेऱ्यात अडकलेला यंत्रमाग

मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. त्याआधी आठवड्याचा हिशेब होतो आणि मजुराच्या हातात पगार पडतो. हा पगार कारखानदाराला थांबवता येत नाही. सुताचे पैसे आणि वीजबिलही थांबत नाही. पण विणून दिलेल्या कापडाचे पैसे मात्र कधी साठ दिवसांनी येतात, कधी नव्वद, तर कधी चार-चार महिन्यांनी. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, कोणत्याही छोट्या कारखानदाराला विचारा, उत्तर बहुतेक हेच मिळेल.

भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागावर हजारो मुस्लिम घरं चालतात. उत्तर भारतातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी हातमागापासून ही गावं उभी केली. म्हणूनच ‘उद्योगावरचे नियम आणि आर्थिक वाढ’ हा विषय आपल्यासाठी टीव्हीवरच्या चर्चेपुरता नाही, तो घरखर्चाचा आहे.

आपल्याकडे या चर्चेत दोनच बाजू दिसतात. एक म्हणते, नियम कमी करा, धंदा आपोआप वाढेल. दुसरी म्हणते, नियम काढले तर मोठा मासा छोट्याला गिळेल. यंत्रमागाकडे पाहिलं तर दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. नियम किती आहेत यापेक्षा तो साखळीत कुठे लागतो आणि त्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हे जास्त महत्त्वाचं आहे.

जागतिक बँकेच्या ‘व्यवसाय सुलभता’ क्रमवारीत भारत २०१५ च्या अहवालात १४२ व्या स्थानावर होता. २०२० च्या अहवालात तो ६३ व्या स्थानावर आला. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण भारताचा हा क्रमांक दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांच्या पाहणीवर ठरत होता. आकडेवारीतल्या गडबडींमुळे बँकेने २०२१ मध्ये ही क्रमवारीच बंद केली. मुंबईला खेटून असलेल्या भिवंडीतल्या माणसाचा धंदा या काळात किती सोपा झाला, ते त्या क्रमांकातून कळत नव्हतं. ते पाहायचं तर सूत, कर आणि पेमेंट या तीन टप्प्यांवर नजर टाकावी लागेल.

सुताचा नियम

२०२३ मध्ये पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या धाग्या-तंतूंवर केंद्राचे गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाले. भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र असल्याशिवाय हा माल विकता येणार नाही, परदेशी उत्पादकालाही ते घ्यावं लागेल, असा त्याचा अर्थ. हेतू ऐकायला चांगला होता: निकृष्ट आयात रोखायची आणि देशी उत्पादन वाढवायचं.

पण देशात हा कच्चा माल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्या आणि तो विकत घेऊन विणणारे हजारो. परदेशातून येणारा माल अडला की विणणाऱ्याकडे पर्याय कमी होतात आणि भाव ठरवण्याची ताकद विकणाऱ्याकडे जाते. कापड उद्योगाच्या संघटनांनी सुरुवातीपासून हीच तक्रार केली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पॉलिस्टरच्या धाग्या-तंतूंवरचे आदेश मागे घेतले. त्याच महिन्यात व्हिस्कोस तंतूवरचा आदेशही गेला. निर्णय योग्यच झाला. पण मधल्या दोन वर्षांत ज्याने महाग सूत घेऊन माग चालवले, त्याचं नुकसान कोण भरून देणार? ग्राहकाच्या हातातल्या वस्तूची गुणवत्ता तपासणं वेगळं आणि कच्च्या मालाची वाट अडवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात संरक्षण बहुतेक वेळा ताकदवानालाच मिळतं.

कराचा उलटा हिशेब

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मानवनिर्मित तंतूवर १८ टक्के, त्याच्या सुतावर पुढे १२ टक्के आणि कापडावर मात्र ५ टक्के कर राहिला. म्हणजे खरेदीत जास्त कर भरायचा आणि विक्रीत कमी वसूल करायचा. उरलेलं क्रेडिट खात्यात साठत जायचं. कापडासाठी त्याचा परतावा मिळण्याची सोय १ ऑगस्ट २०१८ पासून झाली. त्यानंतरही अर्ज, कागदपत्रं, सल्लागाराची फी हे सगळं आलंच. मोठ्या गिरणीला यासाठी हिशेबनीस परवडतो. बारा-चोवीस मागांच्या मालकाला तो परवडत नाही.

हा उलटेपणा मिटवायला जानेवारी २०२२ पासून कापडावरच १२ टक्के कर लावायचं ठरलं होतं. देशभर विरोध झाला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला, अगदी शेवटच्या दिवशी, तो निर्णय थांबला. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून तंतू आणि सूत दोन्ही ५ टक्क्यांवर आले. कापडाचा कर वाढवण्याऐवजी सुताचा कमी करणं हा सरळ मार्ग होता. तो सापडायला आठ वर्षं लागली.

पेमेंटचा नियम

इथे गोष्ट उलटी आहे. हा नियम छोट्याच्या बाजूचा आहे, तरीही तो त्याला नीट पावत नाही.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पेमेंट झालं पाहिजे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. कायदा कडक आहे, पण त्याचा आधार घेऊन मोठ्या गिऱ्हाईकाशी भांडणार कोण? आज तक्रार केली तर उद्या ऑर्डर बंद. शिवाय आपल्या अनेक घरांत व्याज घेणंच मान्य नाही. मग असा उपाय कागदावरच राहतो.

म्हणून आयकर कायद्यात आणलेलं कलम ४३ब(ह) महत्त्वाचं ठरलं. ते आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट मुदतीत केलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. तो प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा होतो. समजा, दहा लाखांचं बिल मुदत उलटूनही ३१ मार्चला थकलेलं आहे. ३० टक्के दर असलेल्या खरेदीदाराला त्या वर्षी तीन लाखांचा जादा कर बसतो. इथे विणकराला कोर्टात जावं लागत नाही, व्याजही मागावं लागत नाही. दबाव खरेदीदाराच्या स्वतःच्या हिशेबातून येतो.

पण २०२४ च्या सुरुवातीला कापड बाजारांतून काय बातम्या आल्या? काही खरेदीदारांनी माल परत केला, ऑर्डर थांबवल्या, काहींनी नोंदणी नसलेल्यांकडे मोर्चा वळवला. म्हणजे ज्याने सरकारकडे ‘उद्यम’ नोंदणी केली, त्यालाच तोटा झाला.

एक साधा हिशेब करू. महिन्याला पाच लाखांचं कापड देणाऱ्याचे पैसे ४५ दिवसांत आले तर बाजारात साडेसात लाख अडकतात. चार महिन्यांनी आले तर वीस लाख. मधल्या साडेबारा लाखांत जुने साधे माग बदलून नवे घेता आले असते, मुलीच्या कॉलेजची फी भरता आली असती. ती भांडवलाची रक्कम दुसऱ्याच्या गल्ल्यात बिनव्याजी फिरत राहते. आर्थिक वाढ अडते ती अशी.

आरशातही पाहू

एवढं सगळं सांगताना आपलीही एक चूक मान्य करावी लागेल. कामगार कायद्यांच्या मर्यादेत येऊ नये म्हणून एकाच छपराखालचे माग भाऊ, मुलगा, पुतण्या यांच्या नावावर वाटून ठेवण्याची पद्धत आहे. त्यातून पीएफ, ईएसआय टळतो. मजुराला मात्र मीटरवरचा पगार, कान बधिर करणारा आवाज आणि छातीत जाणारी धूळ एवढंच मिळतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. व्यापाऱ्याकडून नियमाने हक्क मागणाऱ्याने मजुराचा हक्क त्याच नियमाने द्यायला हवा. शिवाय तुकडे करून ठेवलेला धंदा कधी मोठा होत नाही आणि बँकेसमोरही तो लहानच दिसतो.

आता काय करता येईल?

उद्यम नोंदणी मोफत आहे, ऑनलाइन होते, एजंटची गरज नाही. नोंदणी उत्पादक म्हणूनच करा. व्यापारी म्हणून केली तर उशिरा पेमेंटचं संरक्षण मिळत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. माल पोहोचल्याची सही आणि तारीख घ्या, कारण मुदत तिथूनच मोजली जाते.

पण खरा उपाय एकट्याचा नाही. एका कारखानदाराने ४५ दिवसांची अट घातली तर व्यापारी शेजारच्याकडे जातो. गावातल्या सगळ्या संघटनांनी मिळून एकच अट ठरवली तर तो जाणार कुठे? मालेगावचा अन्सारी आणि इचलकरंजीचा मराठा, लिंगायत किंवा जैन कारखानदार या प्रश्नावर एकाच बाजूला उभे आहेत. सूत आणि कराचे नियम बदलले, ते विणणाऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षं बोलत राहिल्या म्हणून. पेमेंटचा नियम तर आधीच आपल्या बाजूचा आहे. तो बाजारात चालवायला मात्र आपल्यालाच एकत्र यावं लागेल.